पाणी स्वच्छ झालं तरच बिल

1994 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने दूषित भूजल साफ करण्याचं काम चालू असलेल्या 77 ठिकाणांचा हिशेब मांडला. पद्धत सगळीकडे साधारण तीच: बोअर मारायची, घाण पाणी उपसायचं, वर आणून शुद्ध करायचं, सोडून द्यायचं. 77 पैकी पाणी ठरलेल्या मर्यादेत आलेली ठिकाणं निघाली 8. उरलेल्या 69 ठिकाणी पाणी उपसलं जात होतं, उपसल्याचे पैसेही चुकते होत होते, पण जमिनीखालचं पाणी काही पिण्याजोगं होत नव्हतं.

त्याच सुमारास पैसे देणाऱ्यांनी साधा सवाल करायला सुरुवात केली होती. पंप चालवल्याचे पैसे आम्ही का द्यायचे? पाणी स्वच्छ झालं की बिल आणा. कामगिरीवर आधारित कंत्राट म्हणतात ते एवढंच. ऐकायला इतकं सरळ, की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. मेख आहे ती पाणी स्वच्छ झालं हे कुठे मोजायचं, कधी मोजायचं आणि कुणी मोजायचं यात.

गावाकडे विहीर खोदायला देताना तीन तऱ्हांनी ठरवता येतं. रोजाने दिली तर खोदणाऱ्याला घाई नसते. खडक कठीण लागला तर तो खर्च मालकाच्या अंगावर. परसाने, म्हणजे खोलीच्या मापावर, दिली तर तो भराभर खोल जातो, पाणी लागो न लागो. आणि ‘पाणी लागलं तरच पैसे’ म्हटलं, तर तो दुप्पट दर सांगतो, नाहीतर अवघड जागा सोडून ओढ्याकाठचीच कामं धरतो, नाहीतर पहिला पाझर दिसताच ‘लागलं की हो पाणी’ म्हणून हात पुढे करतो. अमेरिकेतल्या भूजलाच्या कंत्राटांत हे सगळे प्रकार गेल्या तीस वर्षांत होऊन गेलेत, फक्त आकडे मोठे.

जमिनीखाली नेमकं काय अडकतं

ट्रायक्लोरोएथिलीन, बोलताना टीसीई, हे धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायचं द्रावण. विमानतळ, शस्त्रांचे कारखाने, इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने यांत कित्येक दशकं ते पिंपांनी वापरलं गेलं, आणि वापरून झालं की बऱ्याचदा मागच्या खड्ड्यात ओतलं गेलं. ते पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. हे पाण्यातून खाली उतरतं आणि चिकणमातीचा थर किंवा पक्का खडक लागेपर्यंत उतरतच जातं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीईचं वजन 1.46 किलो. म्हणजे ते सुमारे 29 कोटी लिटर पाण्यात सारखं मिसळलं, तर ते सगळं पाणी मर्यादेच्या काठावर येऊन बसतं. आणि ओतलेल्या मालाचा हिशेब लिटरांत नाही, पिंपांत होता.

मग उपसून ते निघून का जात नाही? वाळूच्या थरातून पाणी सहज वाहतं, त्यात विरघळलेलं विष पंपाबरोबर वर येतं. पण साफसफाई सुरू होण्याआधीच्या वीस-तीस वर्षांत ते शेजारच्या चिकणमातीतही मुरलेलं असतं. वाळूतलं पाणी जरा स्वच्छ झालं, की चिकणमाती आपल्याकडचं विष हळूहळू परत सोडायला लागते. पंप चालू असेपर्यंत आकडा खाली राहतो, बंद केला की काही महिन्यांत पुन्हा चढतो. या धंद्यातली माणसं याला रिबाउंड म्हणतात. कंत्राटातली पुष्कळशी भांडणं शेवटी इथेच येऊन पोचतात.

जुनी कंत्राटं बहुतेक रोजाने दिल्यासारखी होती: झालेला खर्च अधिक ठरलेला नफा, किंवा माणसांचे तास आणि लागलेलं सामान. ठेकेदार लबाड होते असं नाही. पंप बंद करून ‘ही पद्धत इथे चालत नाही’ असं सांगणाऱ्याचं उत्पन्न त्याच दिवशी थांबत होतं, एवढंच. बिल पंपाच्या तासांवर असेल तर पंप चालतो.

पेट्रोलच्या टाक्या: जिथे हे जमलं

नव्या पद्धतीची सुरुवात पेट्रोलपंपांवर झाली, आणि ते योग्यच होतं. 1980 च्या दशकात अमेरिकेत जमिनीखाली पेट्रोल-डिझेलच्या सुमारे 20 लाख टाक्या होत्या, बऱ्याचशा साध्या लोखंडी पत्र्याच्या आणि गंजलेल्या. आजवर पाच लाखांहून जास्त गळत्यांची नोंद झाली आहे. टाक्यांसाठी 1984 साली कायदा झाला, 1986 साली निधी उभारला, आणि त्यासाठी इंधनाच्या प्रत्येक गॅलनमागे एक दशांश सेंट कर बसवला. राज्यांचे स्वतःचे निधी होते ते वेगळे. दुरुस्तीची बिलं या निधींवर येऊन आदळायला लागली, तेव्हा साउथ कॅरोलिना, फ्लोरिडा यांसारखी राज्यं कामगिरीवर पैसे देण्याकडे वळली. 1996 साली केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, हे कसं करायचं याची पुस्तिकाच काढली.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी धरलेले आहेत. एका पेट्रोलपंपाच्या निरीक्षण विहिरीत बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला एक विषारी घटक, लिटरला 2,000 मायक्रोग्रॅम आहे, गाठायचंय 5. उक्ती रक्कम ठरली 4 लाख डॉलर. यंत्रणा बसून चालू झाली की 20 टक्के; पुढे बेंझिन 25, 50, 75 टक्क्यांनी घटेल तसा प्रत्येक वेळी एक हप्ता; 5 वर आलं की शेवटचा.

वाचायला छान वाटतं. पण 75 टक्के घट म्हणजे किती? 2,000 चे 500. मर्यादेच्या शंभरपट! आणि पहिले 75 टक्के सगळ्यात सोपे असतात. शेवटचे 500 ते 5 हेच खरं काम. हप्ते समान ठेवले तर ठेकेदाराच्या हातात बहुतेक पैसे पडलेले असतात, आणि पाणी मात्र प्यायच्या लायकीपासून कोसभर लांब असतं. उरलेल्या एका हप्त्यासाठी चार वर्षं घाम गाळण्यापेक्षा काम सोडून जाणं त्याला परवडतं. म्हणून ज्यांना अनुभव आला, त्यांनी मोठा हिस्सा शेवटाकडे ढकलला, आणि त्यातलाही एक तुकडा यंत्रणा बंद केल्यानंतर वर्षभर आकडा खालीच राहतो का हे पाहीपर्यंत अडवून ठेवला. आपल्याकडे बांधकामाच्या बिलातून रिटेन्शन कापतात, त्याच जातीचा प्रकार.

सुरुवातीचा 2,000 हा आकडाही वाटतो तितका पक्का नसतो. पेट्रोल पाण्याच्या पातळीवर तरंगतं आणि ती पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते, त्यामुळे मधल्या मातीला पेट्रोलचा लेप बसतो. पाणी खोल गेलं की लेप वर कोरड्या मातीत राहतो आणि नमुन्यातला आकडा घटतो. पाऊस चांगला झाला, पातळी चढली, की लेप पुन्हा पाण्यात येतो आणि आकडाही चढतो. नेमक्या कोरड्या हंगामात शेवटचा नमुना घेतला तर ठेकेदाराने बोटही न हलवता हप्ता पदरात पडू शकतो. त्यामुळे एका मोजणीवर पैसे द्यायचे नाहीत. निदान वर्षभराच्या, चारही तिमाह्यांच्या मोजण्या बघायच्या.

चाळीस मिलीलिटरची कुपी

हे सगळे पैसे शेवटी ज्या वस्तूवर अवलंबून असतात ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. निरीक्षण विहीर म्हणजे सहसा दोन इंची प्लास्टिकचा पाइप, वर कुलूपबंद लोखंडी झाकण. नमुना घेणारा माणूस त्यात बारीक नळी सोडतो आणि मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी वेगाने पाणी काढत बसतो. जोरात ओढलं तर गाळ ढवळतो आणि आकडा बिघडतो. पाण्याचा सामू, वाहकता, विरघळलेला प्राणवायू हे एका पाठोपाठ तीन वाचनांत स्थिर झाले की मगच नमुना. तो 40 मिलीलिटरच्या काचेच्या कुपीत भरतात, आत आधीच आम्लाचे थेंब टाकलेले असतात. पाणी कुपीच्या तोंडावर फुगीर दिसेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, कुपी उलटी करून टिचकी मारायची. आत हवेचा बुडबुडा दिसला की नमुना बाद, कारण बेंझिन आणि टीसीई दोन्ही उडून जाणारे पदार्थ. ते पाण्यातून निघून बुडबुड्यात जाऊन बसतात. मग बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे. एका हप्त्याचे लाखभर डॉलर या कुपीत असतात. ती भरणारा माणूस कुणाच्या पगारावर आहे, हा प्रश्न कंत्राट लिहितानाच सोडवायला हवा.

टीसीई गेलं, पण काय आलं?

जड द्रावणांच्या बाबतीत गोष्ट जास्त गुंतागुंतीची, आणि मला विचाराल तर जास्त मजेशीरही. पंपाला पर्याय म्हणून जमिनीतच विष मोडण्याच्या पद्धती निघाल्या. त्यातली एक ऐकून आपल्याकडच्या साखर कारखान्यातल्या माणसाला गंमत वाटेल: बोअरमधून उसाच्या मळीचं पातळ द्रावण किंवा सोयाबीनचं तेल खाली सोडतात. मातीतले जिवाणू त्यावर वाढतात, प्राणवायू संपवतात, आणि मग टीसीईतले क्लोरीनचे अणू एकेक करून सुटायला लागतात. हे काम थेट शेवटपर्यंत नेणारा जिवाणू 1997 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या इथाका शहराच्या मैलापाणी केंद्रातल्या गाळातून तो मिळाला. त्याचं नाव डीहॅलोकोकॉइडीस.

पण टीसीई एकदम निरुपद्रवी होत नाही. वाटेत व्हायनिल क्लोराइड तयार होतं, आणि ते टीसीईहून वाईट. त्याची मर्यादा 5 नाही, 2 मायक्रोग्रॅम. योग्य जिवाणू पुरेसे नसतील तर गाडी तिथेच अडकते. आता कंत्राटात नुसतं ‘टीसीई 5 च्या खाली आणा’ असं लिहिलं असेल, तर ठेकेदार मळी ओततो, टीसीई गायब होतं, हप्ता मिळतो, आणि विहिरीत आधीपेक्षा जास्त विषारी पाणी असतं. त्याने कराराचा एक शब्दही मोडलेला नसतो. म्हणून शहाणी कंत्राटं एका रसायनाचं नाव न घेता टीसीईपासून व्हायनिल क्लोराइडपर्यंतची अख्खी साखळी मोजतात.

कुठे मोजायचं, यातही अशीच गोम आहे. जिथे द्रावण ओतलं त्या खड्ड्याखाली मोजायचं, की जागेच्या कुंपणाशी? कुंपणाशी 5 दाखवणं कितीतरी स्वस्त. पण मग मधल्या सगळ्या जमिनीखाली विष तसंच राहतं आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

लष्कर, विमा आणि जोखमीची किंमत

अमेरिकी लष्कराने 2000 च्या सुमारास हा प्रकार मोठ्या प्रमाणावर उचलला. एका तळावरच्या सगळ्या दूषित जागा मिळून एकच उक्ती रक्कम, काम पुरं होण्याची हमी, आणि खर्च वाढला तर तो ठेकेदाराच्या माथी. ठेकेदार एवढी जोखीम एकटा कशाला घेईल? त्याने विमा काढला: खर्च ठरलेल्या रकमेपलीकडे गेला तर वरचा भार विमा कंपनी सोसणार. विम्याच्या हप्त्याचे पैसे अर्थातच कंत्राटाच्या रकमेत धरलेले. काही वर्षं हे चाललं. मग दावे यायला लागले, कंपन्यांच्या लक्षात आलं की जमिनीखाली काय आहे हे आपल्यालाही ठाऊक नाही, आणि त्यांनी हात आखडता घेतला. न दिसणारी जोखीम कागदावर एकाकडून दुसऱ्याकडे सरकवता येते, पण प्रत्येक हात आपली दलाली कापून घेतो, आणि शेवटी कुणीच घेईनासं झालं की ती मूळ मालकाच्या दारात परत येते.

2010 साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तीन लष्करी तळांवर अहवाल दिला. त्यांचं निरीक्षण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी वाटतं. रकमेवर मर्यादा आणि तारीख पक्की, या दुहेरी दडपणाखाली काही ठिकाणी उपायांचे सगळे पर्याय तपासलेच गेले नसावेत. बांधकाम न लागणाऱ्या उपायांवर भिस्त ठेवली गेली, म्हणजे विष आपोआप कमी होईपर्यंत वाट बघायची. हा उपाय काही ठिकाणी खरोखर बरोबर असतो. पण तो सगळ्यात स्वस्तही असतो, आणि उक्त्या रकमेत वाचलेला प्रत्येक डॉलर ठेकेदाराचा असतो. शिवाय पाणी स्वच्छ झालं की नाही हे ठरवणारं पर्यावरण खातं या करारात पक्षकारच नसतं. त्याने आराखडा परत पाठवला की तारीख हुकते आणि भांडण तिघांत लागतं.

कामगिरीची व्याख्याही घसरत जाते. ‘पाणी मर्यादेत’ ऐवजी ‘यंत्रणा बसून चालू झाली’, ‘अहवाल मंजूर झाला’ हेच टप्पे पैशाला पुरे ठरतात. अशा कंत्राटात फळ म्हणून शेवटी फाइल मिळते.

दुसऱ्या बाजूलाही यश आहे, ते नाकारायचं कारण नाही. कोलोराडोतला रॉकी फ्लॅट्स हा अण्वस्त्रांचे भाग बनवणारा कारखाना साफ करायला 1995 च्या अंदाजाप्रमाणे सुमारे 65 वर्षं आणि 36 अब्ज डॉलर लागणार होते. लवकर आणि कमी खर्चात उरकल्यास बक्षिसाची रक्कम वाढत जाणारं कंत्राट केल्यावर काम 2005 साली संपलं, साधारण 7 अब्जांत. मात्र खोलवरचे काही पाये जागेवरच ठेवले, आणि तिथल्या भूजलाच्या शुद्धीकरणाच्या यंत्रणा अजून सरकारच चालवतंय. इमारती पाडण्याचं काम संपतं, पाण्याचं संपत नाही.

उक्त्या करारात न धरलेलं रसायन नंतर पुढे आलं तर? विमानतळांवर आग विझवायच्या फेसातली पीफास रसायनं याचं ताजं उदाहरण. त्यातल्या दोघांना 2024 साली ईपीएने मर्यादा घातली ती लिटरला 4 नॅनोग्रॅम, म्हणजे टीसीईच्या हजाराव्या भागाहूनही कमी. वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या ठेकेदाराने हे आपल्या दरात धरलं असणार?

आपल्याकडे

भारतात कामगिरीवर पैसे देण्याची सवय पाण्याच्या एका कामात लागली आहे. गंगेकाठच्या मैलापाणी केंद्रांसाठी केंद्र सरकारने 2016 पासून आणलेल्या पद्धतीत भांडवली खर्चाचे 40 टक्के बांधकामाच्या काळात मिळतात, उरलेले 60 टक्के पुढच्या 15 वर्षांत, केंद्र नीट चाललं तर. ते जमतं, कारण मैलापाणी पाइपातून आत येतं आणि पाइपातून बाहेर जातं. दोन्ही टोकांना नमुना घेता येतो.

भूजलाला अशी दोन टोकं नसतात. त्यात आपल्याकडे पैसे कुणी द्यायचे हाच प्रश्न वर्षानुवर्षं सुटत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड हे रंगांसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरींचं पाणी गडद रंगाचं झालं. ‘ज्याने घाण केली त्याने भरावं’ हे तत्त्व लावून सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला, साफसफाईचा खर्च 37 कोटींच्या वर ठरला, आणि 2011 सालीही त्याच वसुलीसाठी न्यायालयाला व्याजासकट आदेश द्यावा लागला. जुलै 2025 मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित झाले. घाण करणारा सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य मिळून व्यवस्था करणार. म्हणजे आता अशी टेंडरं निघणार.

ती महाराष्ट्रात निघतील तेव्हा खडक बेसाल्टचा असेल; राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग त्याचाच आहे. त्यात पाणी भेगांतून वाहतं. वीस फुटांवरच्या दोन बोअर, एकीला धो धो पाणी आणि दुसरीत नुसती धूळ, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलंय. संशोधन परिषदेच्याच 2013 च्या अहवालात अमेरिकेतल्या किमान 1,26,000 दूषित जागांपैकी सुमारे 12,000 जागा अशा धरल्या आहेत, की तिथलं पाणी पुढच्या 50 ते 100 वर्षांतही मर्यादेत येण्याची शक्यता कमी. भेगाळ खडक हे त्यामागचं एक मोठं कारण.

अशा जागेचं उक्तं टेंडर आधीच काढलं तर ठेकेदार एकतर न परवडणारा दर टाकतो, नाहीतर अपवादांची लांब यादी जोडतो आणि मग प्रत्येक भेगेला जादा काम म्हणून वेगळं बिल लावतो. निदान शोधाचा टप्पा तरी रोजानेच द्यावा: बोअर, नमुने, भेगांचे नकाशे, दोन पावसाळ्यांच्या पातळ्या. ती सगळी माहिती बोली लावणाऱ्या प्रत्येकाला सारखी मिळावी, आणि मगच साफसफाईची उक्ती रक्कम मागावी. तपासणीचे नमुने घेणारी प्रयोगशाळा ठेकेदाराने निवडलेली नसावी, आणि तिचं बिल मालकाच्या खात्यातून जावं.